हिरव्या सुईआधीचं एक मिनिट

कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं की बीपी उतरतं. तेव्हा सलाईन झपाट्यानं आत जायला हवं, म्हणून ऑपरेशनच्या पेशंटला बहुधा हिरवं, १८ नंबरचं इंट्राकॅथ लावतात. जाडी सव्वा मिलीमीटरच्या आसपास. इन्सुलिनची सुई असते जेमतेम ०.३ मिलीमीटरची.

पांढुर्ण्यातल्या एका दवाखान्यात हे काम जवळून पाहिलं. सौसरकडच्या खेड्यातल्या एक मावशी पिशवीच्या ऑपरेशनला आल्या होत्या. जानेवारीची थंडी, कापूस वेचून ओरबाडलेली बोटं, आणि रात्रीपासून पाण्याचा घोटही नाही. "नस दिसूनच नाही राहिली," सिस्टर म्हणाल्या. पण हातावर चापट्या मारत बसल्या नाहीत. रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरून गाठ मारली, टॉवेलात गुंडाळून तो मावशींच्या हातावर ठेवला. मनगटाची आतली बाजू फार दुखते, ती टाळून त्यांनी कोपराखालची शीर निवडली. स्पिरिट लावलं आणि पुरतं वाळू दिलं. ओल्या स्पिरिटवर टोचलं की आग होते.

ॲलर्जी विचारून झाल्यावर इन्सुलिनच्या सिरिंजनं शिरेच्या कडेला, कातडीच्या वरच्या थरात, थोडंसं लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, सोडलं. मसुराएवढा फुगवटा आला. "झोंबन जरासं." झोंबलंही, कारण हे औषध आम्लधर्मी असतं. मग मिनिटभर थांबल्या. इंट्राकॅथ आत गेलं, मागच्या कप्प्यात रक्त चमकलं, सुई मागे आणि नळी पुढे सरकली. मावशी विचारत होत्या, "लावली का?"

एकदाऐवजी दोनदा कशाला टोचायचं, असं पुष्कळजण म्हणतात. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. बारीक टोचणं सोसून जाड सुईची वेदना टळत असेल, तर पेशंटचा फायदाच आहे. शिवाय निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार केलेलं हे औषध टाके घालण्यासाठी आपल्याकडे दवाखान्यात असतंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यातल्या गोटमारीच्या दगडफेकीत डोकं फुटून आलेल्या माणसाला मिळेल ती शीर धरावी लागते, तिथे थांबायला वेळ नसतो. ठरवून केलेल्या ऑपरेशनला तो असतो.

पाण्याचंही तसंच. भूलतज्ज्ञाची हरकत नसेल तर साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि शिराही भरलेल्या राहतात. तरी "रात्री बारानंतर काहीच नाही" हेच गावोगाव सांगितलं जातं. आता हा निरोप बदलायला हवा.

लहान मुलांना पहिलं टोचणंही नको असतं. त्यांच्यासाठी लिग्नोकेन-प्रिलोकेनचं मलम आहे, पण ते चिकटपट्टीखाली तासभर राहावं लागतं. म्हणजे नऊच्या ऑपरेशनसाठी ते वॉर्डातच, आठच्या आत, दोन्ही हातांना लावलेलं हवं. एक शीर हुकली तर दुसरा हात तयार असतो.