परमिट रूमचे प्रारंभिक भांडवल : लोहगडवाडी परिसराच्या संदर्भात एक आर्थिक विवेचन

गोषवारा :
पर्यटनवाढीमुळे मावळ तालुक्यात मद्यविक्रीसह उपाहारगृह काढण्याकडे जमीनधारक तरुणांचा ओढा दिसतो. या व्यवसायाचा प्रारंभिक खर्च बहुधा जागा, सजावट व परवाना शुल्क एवढाच मोजला जातो. प्रतीक्षाकाळ, खेळते भांडवल व बंदीची जोखीम हे घटकही प्रारंभिक खर्चाचाच भाग होत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बीजसंज्ञा : प्रारंभिक भांडवल, बुडीत खर्च, खेळते भांडवल, समच्छेद बिंदू, परमिट रूम.

प्रस्तावना :
लोहगड व विसापूर या किल्ल्यांच्या पायथ्याशी वसलेल्या लोहगडवाडीचे अर्थकारण पर्यटकांशी निगडित आहे. मळवली स्थानकावरून भाजे लेणी पाहून गडाकडे जाणारी वाट नेहमीची आहे. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांत लोहगड आहे. त्यामुळे परिसरातील जमिनीला व व्यवसायाच्या अपेक्षांना नवे मोल आले आहे.

कायदेशीर चौकट :
राज्यातील मद्यव्यवहार सन १९४९ च्या दारूबंदी कायद्याने नियंत्रित होतो. कायद्याचा मूळ हेतू बंदीचा असल्याने विक्री हा हक्क नसून सवलत ठरते. पिणाऱ्यालाही परवाना लागतो, यातूनच ‘परमिट रूम’ हा शब्द रूढ झाला. उपाहारगृहात विदेशी मद्य देण्यासाठी ‘एफएल-३’ अनुज्ञप्ती आवश्यक असते. तिचे शुल्क गावाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते व दरवर्षी नूतनीकरणासाठी पुन्हा भरावे लागते. म्हणजेच ते एकदाचा खर्च नसून कायमचा स्थिर खर्च आहे.

याशिवाय जमिनीचा अकृषिक वापर, बांधकाम परवानगी, अन्नसुरक्षा नोंदणी, अग्निशमन व्यवस्था आणि ध्वनिमुद्रित संगीत वाजविण्याचे हक्क यांचा खर्च येतो. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. पर्यायी बाहेरचा मार्ग व अग्निरोधक साहित्य यांना सजावटीनंतरचे स्थान देता येत नाही, हे त्या घटनेने दाखविले. लोहगड केंद्रीय संरक्षित स्मारक असल्याने सन २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे. त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित आहे. जागा घेण्यापूर्वी मोजणी करून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

प्रतीक्षेची किंमत :
परवान्यासाठी जागा तयार दाखवावी लागते. विक्री मात्र परवाना मिळाल्यावरच सुरू होते. उदाहरणादाखल, भाडे, व्याज, वीज व राखणदारी मिळून दरमहा २ लाख रुपये खर्च होतो असे गृहीत धरू. परवान्यास ८ महिने लागल्यास एकही पेला न विकता १६ लाख रुपये खर्ची पडतात. हा निव्वळ बुडीत खर्च होय. पुढे व्यवसाय विकला तरी तो परत मिळत नाही.

हंगाम आणि समच्छेद बिंदू :
येथील गर्दी मुख्यतः पावसाळ्यात व शनिवार-रविवारी असते. मासिक स्थिर खर्च ३ लाख आणि विक्रीवरील ढोबळ नफा ४० टक्के मानल्यास ना नफा ना तोटा या स्थितीसाठी ७.५ लाखांची विक्री लागते. ती केवळ ८ सुट्टीच्या दिवसांत करावयाची झाल्यास दररोज ९३,७५० रुपये होतात. हंगामाबाहेरही पगार, हप्ते व शुल्क चालूच राहतात. किमान सहा महिन्यांचे खेळते भांडवल हाताशी असणे म्हणूनच योग्य.

धोरणात्मक व सामाजिक जोखीम :
सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. मार्च २०१७ मध्ये २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर झाले. जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दींबाबत खुलासा झाला. मधल्या काळात बंद राहिलेल्या व्यवसायांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूममधील मद्यावरील मूल्यवर्धित कर ५ वरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये उत्पादन शुल्कातही मोठी वाढ झाली. या करवाढीच्या निषेधार्थ १४ जुलै २०२५ रोजी राज्यभर बार व परमिट रूम बंद ठेवण्यात आले.

स्थानिक घटनाही दुर्लक्षिता येत नाहीत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरण परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश लागू केले. ऐन हंगामातील एक महिना गेल्यास वर्षाचा हिशेब कोलमडतो.

सन २००८ च्या आदेशानुसार गावातील महिला मतदारांना मागणी व गुप्त मतदानाद्वारे मद्यविक्री बंद करता येते. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या मतदानाकडे गुंतवणूकदार अडथळा म्हणून पाहतो. वस्तुतः मद्यपानाचा जो भार घरे सोसतात आणि ताळेबंदात कोठेही दिसत नाही, त्याचा हिशेब मांडण्याचे ते साधन आहे.

निष्कर्ष :
१. परवाना शुल्क हा प्रारंभिक खर्चाचा केवळ दृश्य भाग आहे. प्रतीक्षा व मंदीचा काळ हा त्याचा अदृश्य भाग होय.
२. वडिलोपार्जित जमीन विकून किंवा तारण ठेवून संपूर्ण भांडवल उभारणे अत्यंत जोखमीचे आहे. कारण व्यवसाय बंद पडल्यास उत्पन्न व जमीन दोन्ही जातात.
३. घरगुती खानावळ व मुक्कामाची सोय यांतून मिळणारा नफा कमी असला, तरी त्यांतील बुडीत खर्चही अल्प असतो. ही तुलना केल्याशिवाय मद्यव्यवसायाचा निर्णय आर्थिकदृष्ट्या पूर्ण म्हणता येणार नाही.