‘अमुकची आई’चं नाव काय हो?

नोकरी, डबा, पाळणाघर, टेकडी आणि न होणारी दुपारची झोप. पंचविशी-तिशीतल्या पुणेकर आयांच्या दिवसात छोटे आनंद खूप असतात. फक्त त्या आनंदांना वेळ लागतो, आणि आईला एक नाव!

सोसायटीतल्या आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची मेंबर लिस्ट कधी नीट वाचलीय? ‘विहान मॉम’, ‘ओवी आई सी विंग’, ‘स्वरा मम्मी पाळणाघर’, ‘कबीर आई (उंच)’. चाळीस जणी आणि नाव एकीचंही नाही. यात कुणी सीए आहे, कुणी टेस्टिंगमध्ये आहे, कुणी कथकच्या परीक्षा दिल्यायत. पण फोनमध्ये सगळ्या सेव्ह झाल्यायत त्या पोरांच्या नावानं. मूल जन्मलं त्या दिवशी एक नवीन पोस्ट मिळते. तिला अप्रेझल नाही, नोटीस पीरियड नाही आणि आधीचं डेझिग्नेशन कुणी विचारत नाही.

मीसुद्धा यातलीच. दीड वर्षापासून मी ‘अमुकची आई’ आहे. आणि खरं सांगू? हे नाव ऐकलं की चिडचिड होते, पण आत कुठेतरी बरंही वाटतं. पाळणाघराच्या दारात ताई आत बघून ओरडतात, ‘चला, आई आली!’ आणि एक छोटं माणूस चपला उलट्या घालून धावत येतं. त्या क्षणी कुणी मला माझं पूर्ण नाव, शिक्षण आणि अनुभव सांगायला लावला तर मला तो आठवणारही नाही.

मग हे नाव हवंय की नकोय? हा प्रश्न माझ्या पिढीचा आहे असं वाटत होतं. पण पुण्यातल्या एका आईनं तो ७५ वर्षांपूर्वीच लिहून ठेवलाय.

कर्व्यांच्या मुलाची आई

इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात असतं. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं पुस्तक. पण त्यांचा ‘परिपूर्ती’ हा लेखसंग्रह आला १९४९ मध्ये, आणि त्यातला त्याच नावाचा लेख प्रत्येक नवीन आईला बारशाच्या आहेरात द्यावा असा आहे. गोष्ट साधी. एका कार्यक्रमात बाईंची ओळख करून दिली जाते. अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, ह्यांची पत्नी. सून म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांची, म्हणजे ओळख काही लहानसहान नाही. तरीही बाईंना वाटत राहतं की काहीतरी राहिलं. घरी परतताना रस्त्यातली शाळकरी पोरं एकमेकांना सांगतात की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि बाईंना एकदम ओळख पूर्ण झाल्यासारखी वाटते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला हा शेवट अजिबात पटला नव्हता. एवढी शिकलेली बाई, बर्लिनहून १९३० मध्ये डॉक्टरेट करून आलेली, डेक्कन कॉलेजात शिकवणारी, आणि तिला आनंद कशाचा, तर ‘कर्व्याची आई’ म्हटल्याचा? आता परत वाचताना वेगळंच दिसतं. ही बाई नवऱ्याला नावानं हाक मारायची. पुण्याच्या रस्त्यांवर बायका स्कूटर चालवत नव्हत्या, तेव्हा ही स्कूटरवरून फिरायची. ब्रह्मदेशातल्या इरावती नदीवरून ठेवलेलं नाव तिनं स्वतःच्या पुस्तकांवर छापून आणलं होतं. तिचं नाव पक्कं होतं, म्हणून ‘कर्व्याची आई’ ही त्या नावात पडलेली भर होती. खोडलेल्या नावाच्या जागी चिकटवलेली चिठ्ठी नव्हती.

सगळी मेख इथेच आहे. ‘अमुकची आई’ हे दुसरं नाव म्हणून फार गोड आहे. एकुलतं एक नाव म्हणून ते जड होतं.

इरावतीबाई लहानपणी ज्या घरात वाढल्या, ते रँग्लर परांजप्यांचं घर. हुजूरपागेतली त्यांची मैत्रीण शकुंतला त्याच घरातली. केंब्रिजला गणित शिकलेली, पुढे १९३७ च्या ‘कुंकू’ या प्रभातच्या चित्रपटात काम केलेली. १९३८ मध्ये तिला मुलगी झाली, थोड्याच काळात नवऱ्यापासून घटस्फोट झाला आणि तिनं लेकीला वाढवलं ते आजोबांच्या, म्हणजे स्वतःच्या वडिलांच्या घरी. ‘सिंगल मदर’ हा शब्द इकडे कुणी ऐकलाही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. ती मुलगी गोष्टी रचायला लागली आणि आठव्या वर्षी तिचं ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक छापून आलं. ती मुलगी म्हणजे सई परांजपे. पोराची बडबड लक्ष देऊन ऐकणं यातून काय उभं राहू शकतं, याचं याहून पुणेरी उदाहरण मला माहीत नाही.

एक ते चार चालू

दुपारी एक ते चार बंद ही पुण्याची जगप्रसिद्ध शिस्त. ती न पाळणारा एकमेव पुणेकर म्हणजे तान्हं बाळ. आजी मोठ्या प्रेमानं सांगते, ‘अगं, ते झोपलं की तूही झोप.’ बाळ झोपतं तेव्हा बाटल्या उकळायच्या असतात, लंगोट वाळत घालायचे असतात, कणीक मळायची असते. आणि हे सगळं करून पाठ टेकली रे टेकली की कुकरची शिट्टी होते.

पहिला सव्वा महिना शेक-शेगडी, मालीशवाल्या मावशी, डिंकाचे लाडू आणि हळिवाची खीर यात जातो. तेव्हा सगळं घर बाळंतिणीभोवती फिरतं. त्यानंतर सगळे आपापल्या कामाला लागतात आणि मग उरतो तो खरा संसार. एक हात बाळाखाली, एका हातात गार झालेला चहा.

पण याच दिवसांत आनंदाची व्याख्या बदलते. पूर्वी वीकेंडला लोणावळ्याला गेलो नाही तर तोंड पडायचं. आता सलग साडेपाच तास झोप झाली तर मी सकाळी नवऱ्याला पेढे मागते. गरम चहा गरम असताना पिणं, डोक्यावरून अंघोळ, केस वाळेपर्यंत गॅलरीत उभं राहणं. लेक ‘चिऊ’ म्हणून कावळा दाखवते. पोळीचा पहिला तुकडा ती स्वतः न खाता माझ्या तोंडात कोंबते. बोरन्हाणाच्या दिवशी डोक्यावर पडलेल्या चुरमुऱ्यांकडे ती जितकी गंभीरपणे बघत होती, तितक्या गंभीरपणे मी माझी डिग्री घेतली नव्हती.

यातलं इन्स्टाग्रामवर टाकण्यासारखं फार काही नसतं. रीलमधल्या आया पांढऱ्या सोफ्यावर बसलेल्या असतात. आमच्या सोफ्याचा रंग वरणाचा झालाय.

सव्वीस आठवडे, मग काय?

छोटे आनंद फुकट असतात, असं म्हणायची पद्धत आहे. ते खोटं आहे. त्यांना वेळ लागतो, आणि वेळ कुणीतरी द्यावा लागतो.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांची होती. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली. मला आठवतंय, रजेच्या शेवटच्या आठवड्यात लेक नुकती पालथी पडायला लागली होती आणि मी कॅलेंडरकडे बघत बसायचे. ऑफिसात परतल्यावर दूध काढायला जागा मिळाली ती स्टेशनरीच्या खोलीत, प्रिंटरच्या रिमांमध्ये, दाराला खुर्ची टेकवून. पहिल्या दिवशी तिथं मी रडले, दुसऱ्या दिवशी तिथंच डबा खाल्ला.

म्हणून मैत्रिणींनो, हे पाठ करून ठेवा. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात अशा ठिकाणी पाळणाघराची सोय असणं २०१७ च्या त्या दुरुस्तीनं बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जायची मुभा दिली. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन वेगळ्या सुट्ट्या, ही तरतूद तर त्याच्याही आधीपासूनची. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर दोघांच्या संमतीनं घरून काम करता येतं. आणि या सगळ्याची माहिती नोकरीला लागतानाच लेखी द्यावी, असंही त्या दुरुस्तीनं सांगितलं. आपण जॉइनिंगच्या दिवशी लॅपटॉप कुठला मिळणार ते विचारतो, हे विचारत नाही. लग्न ठरलेलं नसलं तरी विचारा.

आणि बाबा? केंद्र सरकारी नोकरीत वडिलांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत अशी रजा देणं कायद्यानं बंधनकारक नाही, कंपनी देईल ती आणि तेवढी. त्यामुळे लेकीचं पहिलं हसू नवऱ्यानं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. छोट्या आनंदांच्या वाटणीत बाबालोकांवर केवढा अन्याय होतोय, हे त्यांनीच आता मोठ्यानं बोलायला हवं. ‘मी मदत करतो’ या वाक्याच्या जागी ‘आज माझी पाळी’ आलं तरी अर्धी लढाई जिंकली.

राहता राहिली आजी. कोल्हापूर, नांदेड, जळगावहून नोकरीसाठी पुण्यात आलेल्या जोडप्यांकडे आजीची बदली होते. सहा महिने आईची आई, सहा महिने बाबांची आई. गावाकडचं अंगण, भिशी, भजनी मंडळ सोडून ती अकराव्या मजल्यावर येते आणि लिफ्टमध्ये तिलाही नवीन नाव मिळतं, ‘अमुकची आजी’. तिच्या नावाची चौकशी तर त्याहून कुणी करत नाही.

आनंदाचे पत्ते

पुणं हे पोरांना घेऊन हिंडायला अजूनही बरं शहर आहे. सारसबागेतला तळ्यातला गणपती थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालतो. ‘बाप्पानं घातली, आता तू घाल’ या एका वाक्यावर आमचा अख्खा डिसेंबर निघतो. शेजारच्या पेशवे उद्यानातली फुलराणी १९५६ मध्ये सुरू झाली. ज्या आज्यांनी तिच्यातून चक्कर मारली, त्यांच्या नाती आज तिच्यासाठी हट्ट करतात. प्राणी मात्र १९९९ पासून कात्रजला राहायला गेलेत, तेव्हा वाघ बघायचा असेल तर तिकडे. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं. रविवारी एखादं बालनाट्य असतं. तिथं दीड वर्षाचं मूल नाटक बघत नाही, नाटक बघणाऱ्या मुलांना बघतं, पण तिकीट वसूल होतं.

जाताना दुचाकीवरून जाणार असाल (पुण्यात कोण जात नाही?) तर एक सांगते. केंद्राचा २०२२ चा नियम आहे, २०२३ पासून लागू झालाय. चार वर्षांखालच्या मुलाला मागे बसवताना चालकाला बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. पुढे उभं केलेलं पोर हँडल धरून ‘मीच चालवतोय’ म्हणतं ते गोड दिसतं, पण ब्रेक लागला की आधी तेच आपटतं.

आणि एक पत्ता फक्त आईसाठी. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या, जे जवळ असेल ते. आठवड्यातून एकदा, चाळीस मिनिटं, एकटीनं. पहिल्यांदा गेले तेव्हा अर्ध्या वाटेवर घरी तीन फोन केले. आता फोन घरी ठेवून जाते. टेकडीवर भेटणारे आजोबा ‘नमस्कार’ म्हणतात आणि पुढे जातात. तिथं मी कुणाची कुणीही नसते. खाली उतरते तेव्हा घराची ओढ लागलेली असते, आणि ती ओढही दिवसभर घरातच राहून लागत नाही.

नाव, दोन्हीकडून

महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये एक निर्णय घेतला. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांवर लिहिताना आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. माझी लेक त्या तारखेनंतरची. तिच्या जन्माच्या दाखल्यावर तिच्या नावाला लागून माझं नाव छापलंय. मोठी होऊन ती कुठलाही फॉर्म भरेल, तेव्हा स्वतःच्या नावानंतर लगेच माझं नाव लिहील.

तिच्या नावानं मला ओळखतात आणि माझं नाव तिच्या नावात आहे. हिशेब असा दोन्ही बाजूंनी जुळला की ‘अमुकची आई’ म्हणवून घ्यायला मलाही मजा येते.

आता उरलं ते आपल्याकडचं काम. फोन उघडा आणि त्या ग्रुपमधल्या एकीचं तरी नाव विचारून दुरुस्त करा. ‘कबीर आई (उंच)’ला मी परवा विचारलं. तिचं नाव मंजिरी आहे, ती सतार वाजवायची आणि दोन वर्षांत तिला हे विचारणारी मी पहिलीच. शनिवारी आमच्याकडे येतेय. दोन्ही पोरं सतारीला हात लावणार हे उघड आहे, तरी म्हटलं, घेऊनच ये.