शाळेची वाट बंद झाली तेव्हा

चंदीगढ शहराची आखणी करताना ल कॉर्बुझिए या स्थापत्यविशारदाने लहान मुलाच्या चालण्याचाही विचार केला होता. शहराचे आयताकार विभाग पाडण्यात आले; त्यांना तेथे सेक्टर म्हणतात. असा एक सेक्टर सामान्यतः १२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद असतो. वेगवान वाहनांचे रस्ते त्याच्या कडेने जातात आणि मधून हिरवळीचा एक लांब पट्टा काढलेला असतो. शाळा आणि क्रीडांगणे यांना या पट्ट्यात जागा दिलेली आहे. हेतू असा की, पाच-सहा वर्षांच्या बालकाला मोठा रस्ता न ओलांडता, झाडांच्या सावलीतून, पायी शाळेत जाता यावे. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ज्या नगरीचे उद्घाटन झाले, तिच्या रचनेत शाळेच्या वाटेला असा मान होता.

मार्च २०२० मध्ये ही वाट ओस पडली. करोनाच्या साथीमुळे आधी शाळा बंद झाल्या. २२ मार्चला जनता कर्फ्यू पाळला गेला. २४ मार्चपासून चंदीगढमध्ये संचारबंदी आली आणि २५ मार्चपासून सारा देशच टाळेबंदीत गेला. संचारबंदी मेच्या आरंभी उठली, तथापि शाळांची दारे पुढे दीर्घकाळ मिटलेलीच राहिली. देशाच्या बहुतेक भागांत सर्वांत धाकटी मुले सर्वांत शेवटी वर्गात परतली. घर हीच शाळा आणि आईबाप हेच गुरुजी, अशी अवस्था लक्षावधी कुटुंबांवर एकाएकी ओढवली. हौसेने मुलांना घरी शिकवणारे पालक पूर्वीही होते. येथे मात्र निवडीला वावच नव्हता. म्हणूनच त्या काळात घराला काय साधले आणि काय साधणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते, हे शांतपणे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पुष्कळ घरांनी पहिला प्रयत्न केला तो शाळा जशीच्या तशी घरात आणण्याचा. सकाळी ठरल्या वेळी मुलाला आंघोळ घालून, गणवेश चढवून मोबाइलच्या पडद्यापुढे बसवायचे आणि तासामागून तास पुढे रेटायचे. मोठ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे काही अंशी चालले. तो केवळ शब्दांच्या आधाराने विषय समजून घेऊ शकतो. पहिलीतल्या मुलाचे तसे नसते. ते हाताने, पायाने, डोळ्याने आणि प्रश्नांनी शिकत असते; पडद्यावरच्या चेहऱ्याला त्याची चुळबुळ दिसत नाही आणि त्याची चुकीची रेघही दिसत नाही. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ ही मार्गदर्शिका काढली. तीत पूर्वप्राथमिक गटासाठी दिवसाकाठी तीस मिनिटांहून अधिक वेळ नको आणि तोही पालकांशी संवाद साधून त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी वापरावा, असे सांगितले होते. पहिली ते आठवीसाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोन तासिकांची मर्यादा सुचविली होती. मग दिवसाच्या उरलेल्या वेळेचे काय? या प्रश्नाचे उत्तर घरातच होते. ते बहुधा स्वयंपाकघरात होते.

गणिताचे उदाहरण घ्यावे. चार वर्षांचे मूल वीसपर्यंतचे आकडे स्तोत्रासारखे धडाधड म्हणून दाखवते आणि घरच्यांना कौतुक वाटते. पण त्याच मुलाला ‘पानावर पाच जण आहेत, पाच चमचे ठेव’ असे सांगितले की ते गोंधळते. आकड्यांची नावे ठाऊक असणे आणि संख्या उमगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली तोंडाने येते, दुसरी हाताने. राजम्याचे दाणे वाटीत मोजून टाकताना, माणशी एक चमचा मांडताना, वाळलेल्या मोज्यांच्या जोड्या लावताना ती दुसरी गोष्ट मुलाच्या ध्यानात येते. पोळीचे चार भाग केले की ‘पाव’ या शब्दाला अर्थ येतो.

लेखनाचेही असेच आहे. अक्षर काढण्यापूर्वी बोटांत बळ यावे लागते. कणीक तिंबणे, मटार सोलणे, ओला रुमाल पिळणे हे त्या बोटांचे व्यायामच होत. वाचनाची पूर्वतयारी तर कानाने होते. ‘कमळ’ या शब्दाच्या आरंभी ‘क’ ऐकू येतो आणि ‘काकडी’ही त्याच ध्वनीने सुरू होते, हा शोध मुलाला लागल्यावाचून बाराखडीची पाटी त्याला निव्वळ चित्रासारखी वाटते. भेंड्यांचा खेळ हा शोध हसतखेळत घडवून आणतो. शब्दाशब्दाखाली बोट फिरवीत रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखविली, तरी पुष्कळ काम होते.

या शिक्षणाला महागडी साधने लागत नाहीत, हे चंदीगढकरांना निराळे सांगायला नको. नेकचंद नावाच्या रस्ते-निरीक्षकाने फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे आणि टाकाऊ माल यांतून जे रॉक गार्डन उभे केले, ते १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि शहराचे भूषण ठरले. मराठी शिक्षणविचारात हीच दृष्टी फार पूर्वी रुजली होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाने, बिया, खडे, शिंपले हीच त्यांची शिक्षणसाधने होती. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून त्यांची अंगणवाडी जन्मली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. २०२० मध्ये परिस्थितीने प्रत्येक घराला अंगणवाडी बनविले. फक्त ताराबाईंची तयारी कोणापाशी नव्हती.

नोकरीनिमित्त चंदीगढला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या महिन्यांत आणखी एक गोष्ट लाभू शकत होती, ती भाषेची. तेथील पाट्यांवर रोमन, देवनागरी आणि गुरुमुखी अशा तीन लिप्या नांदतात. शाळेत इंग्रजी, खेळात हिंदी-पंजाबी, आणि मराठी केवळ रात्रीच्या जेवणापुरती, अशी परप्रांतातल्या मराठी मुलाची एरवीची वाटणी असते. शाळा थांबली तेव्हा ही वाटणी पालटली. ज्या घरात आजी-आजोबा होते, तेथे गोष्टी, म्हणी, कोडी आणि पाढे यांना दिवसभराची मोकळीक मिळाली. २९ जुलै २०२० रोजी संमत झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हे वय शिक्षणाचा पाया मानले, आणि शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकविण्याचा आग्रह धरला. मातृभाषेत पक्के झालेले मूल दुसऱ्या भाषेत मागे पडत नाही. उलट तेथे त्याला आधार मिळतो.

येथवरचे वर्णन ऐकून घर हे शाळेहून श्रेष्ठ, असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नव्हे. पहिली उणीव सवंगड्यांची. पाळी येईपर्यंत थांबणे, भांडण मिटविणे, दुसऱ्याचे उत्तर ऐकून आपले दुरुस्त करणे, हे आईबाप कितीही प्रेमळ असले तरी शिकवू शकत नाहीत. त्यासाठी बरोबरीचे मूल लागते. दुसरी गोष्ट श्रमांची. घरची शाळा बहुतांशी आईच्याच खांद्यावर पडली, आणि तिची इतर कामे काही कमी झाली नाहीत.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. सारी घरे सारखी नसतात. चंदीगढच्याच सेक्टर २६ मधील बापूधाम कॉलनी २०२० च्या उन्हाळ्यात साथीचे केंद्र ठरली आणि कित्येक आठवडे चहूबाजूंनी बंद करण्यात आली. दाटीवाटीच्या वस्तीत, एका खोलीत, कुटुंबात मिळून एकच फोन आणि मिळकत थांबलेली, अशा घराला ‘मुलाला गोष्ट वाचून दाखवा’ असे सांगणे सोपे आहे. पण तेथे पुस्तक कोठून यावे, आणि आईलाच वाचता येत नसेल तर काय करावे? ‘असर’ या पाहणीनुसार, ग्रामीण भारतात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. आधीच थोडकी असलेली शिदोरी आणखी रोडावली.

अशा घरांपर्यंत पोहोचण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. १९३७ मध्ये पोलिओच्या साथीमुळे शिकागोच्या शाळा उघडल्या नाहीत, तेव्हा तिसरी ते आठवीच्या मुलांना नभोवाणीवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ देण्यात आले होते. पहिली-दुसरीची मुले त्या योजनेत नव्हती, ही गोष्ट सूचक आहे. २०२० मध्ये नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ भरली, आणि जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पहिलीपासूनच्या मुलांसाठी घरच्या घरी, परिसरातल्या वस्तूंनी करावयाच्या कृती तीत दाखविल्या जात. या उपक्रमांचा विशेष असा की, त्यांत मुलाइतकेच पालकालाही शिकविले जात होते. अक्षरओळख नसलेली आईही मुलाला दाणे मोजायला लावू शकते, गोष्ट सांगू शकते, ‘आज काय पाहिलेस?’ असे विचारू शकते. तिला तसा विश्वास देणे हेच पुष्कळदा पुरेसे होते.

साथ ओसरली, आणि चंदीगढच्या हिरव्या पट्ट्यांतून दप्तरे पाठीवर घेतलेली मुले पुन्हा चालू लागली. शाळेचे मोल आता सर्वांना कळले आहे. ज्या मुलाची पहिली-दुसरी घरातच सरली, त्याचा कच्चा राहिलेला पाया भरून काढणे हे शाळेचे कर्तव्य आहे. आणि चमचे मोजून घेण्याची, गोष्ट वाचून दाखविण्याची जी सवय काही घरांना त्या दिवसांत लागली, ती शाळा उघडल्यावरही न सोडणे हे घराचे कर्तव्य आहे. शाळेची वाट दोन टोकांची असते. एका टोकाला वर्ग असतो आणि दुसऱ्या टोकाला घराचा उंबरठा. मुलाचे शिक्षण नीट चालावयाचे तर दोन्ही टोकांना कोणीतरी त्याची वाट पाहत असले पाहिजे.