वल्हे कापायचे, पण कुठे?

कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कमध्ये किंवा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या बाउंड्री वॉटर्समध्ये कनू ही हलकी नाव घेऊन निघालेली जोडी सहसा तिसरे वल्हे बरोबर ठेवते. खडकात अडकून पाते फुटले किंवा उलटलेल्या नावेतून वल्हे वाहून गेले, तर आसपास ना दुकान असते ना रस्ता. गरज कुणी नाकारत नाही, पण हे तिसरे वल्हे फार आडवे येते. तिथल्या दोन तलावांमधली वाट कनू डोक्यावर आणि सामान पाठीवर घेऊन चालावी लागते. या चालीला पोर्टेज म्हणतात. लेक सुपीरियरच्या काठचे ऐतिहासिक ग्रँड पोर्टेज साडेआठ मैलांचे, म्हणजे साधारण साडेतेरा किलोमीटरचे आहे. दीड मीटरच्या आसपास लांबीचा दांडा तिथे प्रत्येक फांदीत अडकतो. घडीची कनू घेऊन छोट्या विमानाने अलास्कात उतरणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी, कारण त्यांच्या सामानात तेवढी एकच वस्तू न दुमडणारी असते.

म्हणून अडगळीतले जुने वल्हे कापून जोडता-सोडवता येईल असे करण्याचा उद्योग अनेक हौशी मंडळी करतात. तसे पाहता दोन तुकड्यांचे वल्हे ही नवलाई नाही. कोलाड, मालवण किंवा गोव्यात कयाक चालवलेल्यांनी मधे बटण असलेले दुहेरी पात्याचे ॲल्युमिनियमचे वल्हे हाताळलेले असते. कनूच्या एकपाती लाकडी वल्ह्याला मात्र कुणी करवत लावली की भोवतीचे लोक हळहळतात. त्यातली निम्मी हळहळ गैरसमजातून आलेली असते.

पहिला समज असा की वल्हे कुठेही कापले तरी सारखेच दुबळे होते, मग सरळ मधोमध कापावे. प्रत्यक्षात दांड्यावरचा ताण सगळीकडे सारखा नसतो. वल्हवताना वरचा हात मुठीवर असतो आणि खालचा पात्याच्या थोडा वर. दांड्याला वाकवणारा जोर मुठीपाशी जवळजवळ शून्य असतो. तो खाली वाढत जातो आणि खालच्या हातापाशी सर्वाधिक होतो. वरचा हात 100 न्यूटनने, म्हणजे दहाएक किलो वजनाइतक्या जोराने ढकलत असेल, तर मुठीपासून 30 सेंटीमीटरवर हा वाकवणारा जोर 30 न्यूटन-मीटर भरतो आणि 60 सेंटीमीटरवर 60. आता 140 सेंटीमीटरचे वल्हे मधोमध कापले तर जोड येतो 70 सेंटीमीटरवर, म्हणजे दांड्याच्या जवळजवळ सर्वांत अवघड जागी. तोच 45 सेंटीमीटरवर घेतला तर ताण तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटतो. तुकडे मग 45 आणि 95 सेंटीमीटरचे होतात आणि ते दिसायला विजोड दिसतात, पण पोर्टेजसाठी हाच सौदा शहाणपणाचा. विमानाच्या सामानासाठी समान तुकडे हवेच असतील, तर जोडाची नळी लांब ठेवून ती किंमत मोजावी.

दुसरा समज मात्र खरोखर वल्ही मोडतो. दोन्ही तुकड्यांना आतून भोक पाडायचे आणि त्यात जाड लाकडी खुंटी बसवायची, की काम झाले! बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे कारागिरीही सुबक वाटते. पण गोल दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. 30 मिलिमीटरच्या दांड्यातली 15 मिलिमीटरची खुंटी त्याच लाकडाची असली, तर तिच्यात मूळ दांड्याच्या एक-अष्टमांश ताकद असते. शिवाय भोक पाडल्याने तिच्या भोवतीची भिंत पातळ होते ती वेगळीच. ताणाचा भार बाहेरचे थर उचलतात, गाभा फारसा कामी येत नाही. म्हणून लाकडी दांड्याला जोड बाहेरून हवा. दांडा मुळातच पोकळ ॲल्युमिनियमचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आत घट्ट बसणारी दुसरी नळी चालते, कारण तिचेही साहित्य परिघाजवळच असते.

बाहेरच्या जोडासाठी एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या लागतात. बारीक नळी खालच्या तुकड्यावर कायमची चिकटवायची आणि जाड नळी वरच्या तुकड्यावर, तिचा अर्धा भाग पुढे मोकळा ठेवून. वरच्या बाजूला जो सैलपणा उरतो तो फायबरग्लासच्या कापडाच्या वेढ्यांनी भरतात. ‘एवढा खटाटोप कशाला, लाकूडच नळीत सरकू दे’ असे सुचवणारे भेटतातच. खेड्यात कुदळीचा दांडा सैल झाला की ती रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगते आणि दांडा पक्का बसतो. वल्ह्याच्या जोडात नेमके हेच नको असते. कोरड्या कार्यशाळेत मऊ सरकणारा जोड पावसाच्या दुसऱ्या दिवशी हलेनासा होतो. म्हणून कापलेल्या तोंडालाही इपॉक्सी पाजावे लागते, कारण तंतूंच्या दिशेने पाणी लाकडात सर्वांत वेगाने शिरते.

घट्टपणाचा अट्टहास नळी-नळीतही अंगाशी येतो. वाळूचे चार कण आत गेले की दोन माणसांनी ओढूनही तुकडे सुटत नाहीत. त्यावर ग्रीस लावणे हा उलटा उपाय ठरतो, कारण ग्रीस वाळू धरून ठेवते. कोरडी मेणबत्ती घासलेली बरी. घट्टपणापेक्षा जोडाची लांबी जास्त कामाची असते. आत शिरलेला भाग दुप्पट लांब केला, तर नळीच्या तोंडाशी येणारा दाब ढोबळ हिशेबाने चौथ्या हिश्शावर येतो.

आणि भोकात अडकून जोड पक्का करणारे बटण? ते वल्हे ‘धरून ठेवते’ असे समजून लोक जाडजूड बोल्ट बसवतात. वाकण्याचा भार नळ्या घेतात. बटणाने तुकडे निसटू द्यायचे नाहीत आणि पाते फिरू द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. त्याचे भोक कुठे पाडले यावर मात्र बरेच अवलंबून असते. वल्हवताना दांड्याची पुढची बाजू आणि मागची बाजू ताणली-दाबली जाते. पात्याच्या कडांच्या रेषेत येणाऱ्या दोन बाजू त्यामानाने निवांत असतात, तेव्हा भोक तिथे पाडावे. करवत लावण्याआधी दांड्यावर लांबीच्या दिशेने पेन्सिलची एक सरळ रेघ ओढतात. चिकटवताना दोन्ही तुकड्यांवरची रेघ जुळली की मूठ आणि पाते आपोआप एका ओळीत येतात. ही रेघ विसरली तर पाते पाच अंशांनी तिरके बसते आणि प्रत्येक फटक्याला मनगट पिळते. दांडा पात्यापाशी वाकवलेला असेल, जसा मिनेसोटाच्या यूजीन जेन्सन यांनी शर्यतींसाठी रूढ केला, तर समोरासमोर दोन भोके ठेवू नयेत. घाईत पाते उलटे बसते.

समुद्रावर जाणाऱ्यांनी कार्बनच्या नळीत उघडे ॲल्युमिनियम घालू नये. खाऱ्या पाण्यात ही जोडी विद्युत-रासायनिक गंजाला आमंत्रण देते आणि झिजते ते ॲल्युमिनियम. मधे फायबरग्लासचा थर असला तर धातूची आणि कार्बनच्या तंतूंची गाठ पडत नाही.

‘राखीवच तर आहे, कसलेही चालेल’ हा समज मोडायला सर्वांत कठीण. राखीव वल्हे बाहेर निघते तेव्हा वारा सुटलेला असतो, नाव आडवी झालेली असते आणि बोटे गारठलेली असतात. त्यामुळे तडकलेल्या पात्याचे वल्हे या कामाला निवडूच नये. तयार झालेल्या वल्ह्याची परीक्षा काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात घ्यावी. नावेच्या कडेला दांडा टेकवून पाते जोरात बाहेर रेटले, की जोड करकरतो की गप्प बसतो ते लगेच कळते. मग तेच ओल्या हातांनी, न बघता जोडून पाहावे. पोर्टेज संपून कनू पाण्यात उतरली की दोन्ही तुकडे बैठकीखाली लवचीक दोरीत, हात पोहोचेल तिथे अडकवावेत. एक तुकडा एकाच्या पिशवीच्या तळाशी आणि दुसरा दुसऱ्याच्या, अशी वाटणी बरेच जण करतात, आणि ऐन वेळी दोन्ही पिशव्या उपसाव्या लागतात.