विश्लेषण : सिगारेट आणि कर्करोगाचा ‘सहसंबंध’ ०.७... म्हणजे नेमके काय?

‘अमुक खाणाऱ्यांना तमुक आजार कमी’ अशा बातम्या मोबाइलवर रोज येऊन आदळतात. त्यांच्या मुळाशी अनेकदा एकच आकडा असतो : सहसंबंध गुणांक. तो कसा वाचायचा, हे समजून घ्यायला १९५५ मधील अवघ्या ११ ठिपक्यांचा एक आलेख आजही पुरेसा आहे.

११ ठिपके कशाचे?

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ रिचर्ड डॉल यांनी ११ देशांची आकडेवारी मांडली. आडव्या अक्षावर १९३० मधील दरडोई सिगारेटचा खप, उभ्या अक्षावर १९५० मध्ये दर दहा लाख पुरुषांमागे फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू. मध्ये २० वर्षांचे अंतर, कारण हा आजार सावकाश वाढतो. आइसलँडमध्ये खप सुमारे २३० आणि मृत्यू ६०; ब्रिटनमध्ये खप ११०० आणि मृत्यू ४६०. खप वाढला तसे ठिपकेही वर चढत गेले. गुणांक आला ०.७ च्या थोडा वर.

हा आकडा काय सांगतो?

गुणांक उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. अधिक म्हणजे एक राशी वाढते तेव्हा दुसरीही वाढते. उणे म्हणजे एक वाढते तेव्हा दुसरी घटते. आकडा १ च्या जितका जवळ, तितके ठिपके सरळ रेषेला चिकटून. शून्य आला तर सरळ रेषेतले नाते नाही, वक्र नाते तरीही असू शकते. ०.७ म्हणजे ‘सिगारेट ओढणाऱ्या ७० टक्के लोकांना कर्करोग’ असा अर्थ मुळीच नाही. हा गैरसमज मात्र भलताच चिवट आहे.

अमेरिकेचा ठिपका बाजूला का?

अमेरिकेत खप सर्वाधिक, सुमारे १३००. मृत्यू मात्र २०० च्या आसपास. हा एक ठिपका वगळून हिशेब केला तर गुणांक थेट ०.९४ वर जातो. अकरातल्या एका देशाची एवढी ताकद! म्हणून गुणांक पाहण्याआधी आलेख पाहायचा. अर्थात, नको असलेला ठिपका खोडून टाकण्याची मुभा यातून मिळत नाही.

मग सिगारेट दोषी कशी ठरली?

या आलेखावरून नाही. यातला प्रत्येक ठिपका देशाचा आहे, सिगारेट मात्र माणूस ओढतो. शिवाय आधुनिक संख्याशास्त्राचे एक शिल्पकार रोनाल्ड फिशर यांनी १९५८ मध्ये कळीचा आक्षेप घेतला. माणसाला सिगारेटकडे ओढणारी जनुकेच कर्करोगही घडवत असतील तर? फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. पण तेवढ्याने आक्षेप खोटा ठरत नाही. त्याला उत्तर द्यावेच लागले.

ते १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी दिले. ओढणाऱ्यांचा धोका नऊपट असेल आणि तो सगळा एखाद्या छुप्या घटकामुळेच असेल, तर तो घटकही ओढणाऱ्यांत किमान नऊपट जास्त आढळायला हवा. असा घटक कोणी दाखवू शकले नाही. दुसरीकडे, डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल १९५१ पासून सुमारे ४० हजार ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू नोंदवत होते. येथे हिशेब माणसागणिक होता. सिगारेट जितक्या जास्त, तितके मृत्यू जास्त. आणि सोडणाऱ्यांचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमी.

फिशर १९६२ मध्ये गेले. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी पुरुषांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण म्हणून सिगारेटकडे बोट दाखवले ते १९६४ मध्ये. डॉक्टरांचा पाठपुरावा पुढेही चालू राहिला आणि ५० वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये आले : पन्नाशीत सिगारेट सोडणाऱ्यांचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, तिशीत सोडणाऱ्यांचा जवळपास सगळाच टळतो.