अंगठा राहिला की!

खिचडी खाण्याआधी तुम्ही हात नीट धुता ना? "हो गुरुजी!" असं आमच्या वावरच्या शाळेतली मुलंही एका सुरात म्हणतात. एकदा मी मोबाइल खिडकीत टेकवून ठेवला आणि चौथीच्या मुलांना म्हटलं, "आज एकेकानं कॅमेऱ्यासमोर हात धुवायचे. मी बघणार नाही." मग दुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून ते चित्रण पाहिलं. "मी सगळं केलं" असं सर्वांत आधी सांगणारी मुलगी एकदम ओरडली, "गुरुजी, माझा अंगठा राहिला की!" खरंच! तळवे झाले होते, बोटांच्या बेचक्या झाल्या होत्या, पण अंगठ्यांना साबण लागलाच नव्हता. मी सांगितलं असतं तर तिनं वाद घातला असता. स्वतःच्याच हातांशी काय वाद घालणार?

गंमत म्हणजे डॉक्टर आणि नर्स होणाऱ्या ताई-दादांचीही अशीच परीक्षा घेतात, बरं का! 'टाके कसे घालावेत?' याचं उत्तर पेपरात झकास लिहिणाऱ्याचा हात सुई धरताना थरथरू शकतो. म्हणून हातांची परीक्षा वेगळी असते. शिक्षक जवळ उभे राहतात आणि हातातल्या तक्त्यावर एकेका कृतीपुढे खूण करतात. पण शिक्षक एक आणि विद्यार्थी शंभर असले तर? २०२० साली कोरोनामुळे कॉलेजंच बंद पडली, तेव्हा हा प्रश्न जगभर उभा राहिला. अशा वेळी विद्यार्थी स्वतःच मोबाइल उभा करतो, हातमोजे चढवतो, स्पंजाच्या तुकड्यावर टाके घालतो आणि ते चित्रण शिक्षकांकडे पाठवतो. शिक्षक ते थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहून गुण देतात. पाठवण्याआधी विद्यार्थी स्वतः ते बघतो, नाक मुरडतो आणि पुन्हा टाके घालतो. कधी कधी दहा वेळा! कुणी म्हणेल, ही तर लबाडी. मला नाही तसं वाटत. त्या दहा वेळांतच हात तयार होतो.

चित्रणावरून खरंच कसब कळतं का? अमेरिकेत मिशिगन राज्यात हे तपासलं गेलं. लठ्ठपणावर पोटाची शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जननी स्वतःच निवडलेलं एकेका शस्त्रक्रियेचं चित्रण दिलं. दुसऱ्या सर्जननी, हात कुणाचे आहेत हे माहीत नसताना, त्यांना गुण दिले. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. सर्वांत कमी गुणवाल्यांच्या १०० रुग्णांमागे सुमारे १४ ते १५ जणांना शस्त्रक्रियेनंतर त्रास झाला होता, तर सर्वांत जास्त गुणवाल्यांच्या १०० मागे फक्त ५ जणांना!

अर्थात कॅमेऱ्याला सगळंच दिसत नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते, तीही ५ ते ६ सेंटिमीटर खोल. चित्रणात दाब मोजता येतात, पण खोली नेमकी कळत नाही. त्यासाठी आतून मोजणारा पुतळा लागतो. (घरात धाकट्या भावाच्या छातीवर हा प्रयोग मुळीच करायचा नाही!)

आता आमच्या गावाकडे या. १९९२ मध्ये वावर-वांगणीतल्या कुपोषित बालकांच्या मृत्यूंमुळे आमच्या गावाचं नाव देशभर गेलं. तेव्हा पालघर जिल्हाही नव्हता. आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. पुढे १९९५ पासून गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. त्या आरोग्यदूतांचं काम डॉक्टर गावात येऊन तपासत. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले.

आज आशाताई तेच काम करते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन बघते. बाळाचा श्वास मोजणं हे त्यातलं सोपं वाटणारं, पण फार अवघड काम. बाळ शांत हवं, रडत किंवा दूध पीत असताना मोजायचं नाही. अंगावरचं फडकं बाजूला करायचं आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. ६० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर पुन्हा मोजायचं. तरी तेवढाच आला तर बाळाला दवाखान्यात न्यायचं. मोजणीत आठ-दहा श्वास सुटले तर आजारी बाळ घरीच राहील!

आणि ते मिनिट तर निघून गेलेलं असतं. मग आशाताईचं बरोबर की चूक, हे कसं ठरवणार? इथे चित्रण उपयोगी पडतं. आईची परवानगी घेऊन, चेहरा न दाखवता, फक्त पोटाचं एक मिनिटाचं चित्रण केलं, तर शिकवणाऱ्या बाई तेच मिनिट पुन्हा मोजू शकतात. पाड्यावर रेंज नसली तरी चालतं. फोन घेऊन मीटिंगला गेलं की झालं.

तुम्हीही करून बघा. रात्री आजोबा झोपले की तू आणि ताई, दोघांनी एकाच मिनिटात त्यांचे श्वास मनातल्या मनात मोजा आणि आकडे वेगवेगळ्या कागदांवर लिहा. मगच कागद उघडा. आमच्या वर्गात पहिल्या खेपेला बारा जोड्यांपैकी फक्त तिघींचे आकडे जुळले होते.