दोन आण्यांचा हत्ती

मोर्शीजवळच्या सालबर्डीच्या खडकांत डायनोसॉरची अंडी सापडली आहेत. ती साडेसहा कोटी वर्षांहून जुनी. त्या काळातले आपल्याकडचे सस्तन प्राणी उंदीर-चिचुंद्रीएवढेच होते! डायनोसॉर संपले आणि मग या चिमुकल्यांच्या कुळाला मोठं व्हायला जागा मिळाली. किती मोठं, ते १९५१च्या एका तिकिटावर पाहा.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेला त्या वर्षी शंभर वर्षं झाली, म्हणून टपाल खात्याने दोन आण्यांचं तिकीट काढलं. त्यावर स्टेगोडॉन गणेसा. शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेला, हत्तीच्या गोतातला हा लुप्त प्राणी. नाव थेट गणपतीचं. ‘स्टेगोडॉन’ म्हणजे छपरासारखा दात. त्याच्या दाढेवर आडव्या धारा असत, कौलारू घरांची आढी ओळीने मांडावीत तशा. सुळे तर लांबलचक आणि एकमेकांना इतके खेटून की मधून सोंड खाली सोडणंच अवघड. ती बाजूने वळवावी लागत असणार. मला सगळ्यात जास्त नवल याचंच वाटतं.

घरात आजोबांचा तिकिटांचा जुना अल्बम असेल, तर भिंग घेऊन आधी ते सुळेच बघा.